प्लॉट विकले गेले, रस्ता कोणाच्या गळ्यात?

"गावाबाहेर जितके लेआउट (प्लॉट पाडलेल्या नव्या वसाहती) पडतील तितकी महापालिका श्रीमंत होईल, गरिबाला स्वस्त जागा मिळेल, गंजगोलाई या गोल बाजारवास्तूभोवतीची जुनी दाट वस्ती हेच शहरावरचे ओझे आहे, आणि मराठवाड्याच्या उन्हात पायी चालणार तरी कोण?" अशा आशयाचा मजकूर लातुरात मोबाइलवरून फिरतो आहे. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, परंतु त्याचा हिशेब चुकला आहे.

आधी उत्पन्नाचे पाहू. लेआउट मंजूर होताना महापालिकेला विकास शुल्क मिळते हे खरे, पण ते एकदाच. खरेदीखतावरील मुद्रांक शुल्काचा मोठा भाग राज्याच्या तिजोरीत जातो. महापालिकेला मिळणारा स्थानिक संस्था कर 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांवरून उठला, 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला, आणि महापालिकेच्या स्वतःच्या हातात नेमाने येणारे उत्पन्न म्हणून मुख्यतः मालमत्ता कर व पाणीपट्टी उरली. मालमत्ता कराचा भर बांधकामावर असतो. भाव चढण्याची वाट पाहत वेड्या बाभळी वाढवणाऱ्या रिकाम्या प्लॉटकडून फारसे काही येत नाही. उलट विकासकाने एकदा रस्ते, नाल्या आणि दिवे करून दिले की त्यांची दुरुस्ती कायमची महापालिकेच्या गळ्यात पडते.

हे किती महाग पडते, ते साध्या अंकगणिताने कळते. 30 बाय 50 फुटांच्या प्लॉटची रस्त्याकडची बाजू 30 फूट. समोरही घर असल्याने त्याच्या वाट्याला 15 फूट रस्ता आणि तितकीच जलवाहिनी येते. निम्मे प्लॉट रिकामे असतील, तर बांधलेल्या प्रत्येक घरामागे 30 फूट. आता जुन्या गल्लीतील 15 फूट रुंदीची दुमजली इमारत घ्या, जिच्यात खाली रस्त्यावर दुकान आणि मागे व वर मिळून दोन बिऱ्हाडे आहेत. तिच्या वाट्याचा रस्ता साडेसात फूट, म्हणजे दुकान आणि दोन बिऱ्हाडे अशा तिघांत वाटला तर दर खात्यामागे अडीच फूट. फरक बारा पटींचा झाला. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. शंका असेल त्याने टेप घेऊन आपल्याच गल्लीत मोजून पाहावे. आणि जलवाहिनीच्या लांबीची किंमत लातूरकरांना तरी सांगावी लागू नये. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटल्यावर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि पहिल्या गाडीच्या 10 वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी आले होते. वाहिनी जितकी लांब, तितके तिचे सांधे अधिक आणि गळतीही अधिक.

स्वस्ताईचा दावा अर्धाच खरा आहे. गुंठ्याचा भाव बाहेर कमी असतो, पण शाळा, दवाखाना आणि काम आठ किलोमीटरवर राहिले तर घरात दोन मोटारसायकली लागतात. प्रत्येकीची रोज जाऊन-येऊन एकच खेप, महिन्याला 26 दिवस, लिटरला 50 किलोमीटर आणि पेट्रोल 100 रुपये धरले तरी दरमहा साडेसोळाशे रुपये केवळ इंधनाला जातात. त्यात बरेच स्वस्त प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती, झालेलेच नसतात. सातबाऱ्यावर नावांची रांग असते आणि बँक कर्जाला नकार देते. गुंठेवारी, म्हणजे मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेली जमीन, नियमित करण्यासाठी 2001 चा कायदा आहे, 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीसाठी वाढवलीही गेली, परंतु नियमितीकरणाचे शुल्क भरतो तो प्लॉट घेणाराच.

स्वस्त निवारा शहराच्या पोटात होऊ शकतो, याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. बाहेरगावची मुले शिकवणीसाठी येतात, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचे भाडे देऊन, राहतात, मेसमध्ये जेवतात आणि वर्गाला चालत जातात. त्यासाठी घरमालकाने एखादा मजला चढवला, तरी नवा रस्ता लागला नाही. खोल्या कोंदट असतात आणि भाड्याची तक्रार रास्त आहे, हेही मान्य. तरी टॉवर न बांधता दाटी कशी साधते, ते इथे दिसते.

गंजगोलाईला ओझे म्हणणाऱ्याने तेथील 16 रस्ते एकदा पायी फिरावेत. 1917 मधील ही वास्तू मध्यभागी धरून सोने, चपला, मिरची, गूळ असे बाजार या रस्त्यांवर वसले, आणि इतक्या थोड्या जागेत इतकी दुकाने कोणत्याही नव्या लेआउटमध्ये सापडणार नाहीत. तेथे गाडी लावायला जागा नाही, गर्दीत अग्निशमनाचा बंब अडकू शकतो, हे दोष गंभीर आहेत. पण ते वाहतुकीच्या शिस्तीचे आणि अतिक्रमणांचे दोष असून त्यांवर वस्ती विखुरणे हा उपाय नव्हे.

राहिले ऊन. दुपारी एक ते चार मोटारसायकलवरूनही कोणी हौसेने फिरत नाही. अरुंद गल्लीत भिंतींची सावली असते आणि किराणा शंभर पावलांवर मिळतो. उघड्या डांबरी रस्त्याने दोन किलोमीटर जायचे असेल, तर माणूस चालणार नाही हे उघड आहे. मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, परंतु तिच्यात कडुनिंब क्वचितच दिसतो. बहुधा दिसते ते तारेचे कुंपण आणि विकासकाच्या नावाची पाटी.