पोस्टग्रेसची रॅम ‘मोकळी करणारे’ पाच उपाय आणि त्यांचे प्रताप

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सर्व्हरची रॅम भरत असेल, तो मधूनच पडत असेल, तर ‘हे पाच उपाय करा, पुन्हा त्रास होणार नाही’ असा मेसेज सध्या फिरतोय. उपाय असे: दर तासाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) लिनक्सची कॅशे रिकामी करा, शेअर्ड_बफर्स (पोस्टग्रेसची स्वतःची सामायिक कॅशे) रॅमच्या ७५ टक्के ठेवा, मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळी चालणाऱ्या कनेक्शन्सची मर्यादा) १००० आणि वर्क_मेम (क्वेरीच्या कामासाठीची मेमरी) २५६ एमबी करा, अडकलेली प्रोसेस ‘किल -९’ने तडकाफडकी मारा, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बंद करून रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट करा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण दिवसभर गर्दी असलेल्या ६४ जीबीच्या मशीनवर हे सगळं केलं, तर एरवी कधीतरी पडणारा सर्व्हर उठताबसता पडेल.

कॅशेपासून सुरुवात करू. ‘फ्री’ कमांड चालवली, ‘फ्री’च्या रकान्यात चिल्लर उरलेली दिसली की लोकांच्या पोटात गोळा येतो. बघायचा रकाना तो नव्हेच, ‘अव्हेलेबल’चा आहे. वाचलेल्या फायलींची पानं लिनक्स रॅममध्ये ठेवून देतं आणि कुणी मेमरी मागितली की सोडून देतं. पोस्टग्रेस या कॅशेवर भिस्त ठेवूनच बनवलेलं आहे. ही कॅशे रिकामी करायला कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ड्रॉप_कॅशेस फायलीत ३ लिहिलंत की वाचनं थेट डिस्कवर जातात, क्वेरी रेंगाळतात, मागे कनेक्शन्स साचतात आणि मेमरी उलट जास्तच लागते. ही सोय चाचणी आणि डीबगिंगपुरती आहे, असं कर्नलच्या दस्तऐवजातच लिहिलंय.

खरा घोळ दुसऱ्या आणि तिसऱ्या उपायात आहे, आणि ते दोन्ही एकत्रच बघावे लागतात. शेअर्ड_बफर्ससाठी पोस्टग्रेसचा अधिकृत दस्तऐवज रॅमच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करा म्हणतो, आणि ४० टक्क्यांच्या वर गेल्याने फायदा होण्याची शक्यता कमी, असंही सांगतो. मेसेजप्रमाणे ६४पैकी ४८ जीबी तिकडे गेले. उरले १६. आता वर्क_मेम. पुष्कळांना वाटतं हा आकडा एका कनेक्शनचा. नाही. तो क्वेरीतल्या एकेका सॉर्टचा आहे. हॅशला (टेबलं जोडताना वगैरे रॅममध्ये बनणाऱ्या तात्पुरत्या यादीला) तर १५व्या आवृत्तीपासून त्याच्या दुप्पट मुभा आहे. एकाच क्वेरीचं काम वाटून घेणारे पॅरलल वर्कर्स आले की प्रत्येकाचा हिशोब पुन्हा वेगळा. एका वेळी ४० क्वेरी, प्रत्येकीत दोन मोठे सॉर्ट, एवढंच धरलं तरी ४० गुणिले २ गुणिले २५६ एमबी म्हणजे २० जीबी. १००० कनेक्शन्सपर्यंत जायची गरजच पडली नाही.

याहून लपलेला खर्च पेज टेबलचा. पोस्टग्रेसमध्ये दर कनेक्शनला वेगळी प्रोसेस असते आणि शेअर्ड मेमरीच्या ज्या पानांना ती हात लावते त्यांची नोंदवही ती स्वतःपुरती ठेवते. ४ केबीच्या पानांनी ४८ जीबी म्हणजे सव्वा कोटीहून जास्त पानं, प्रत्येकाला ८ बाइट, म्हणजे प्रोसेसमागे ९६ एमबीपर्यंत. बराच काळ जिवंत असलेली, सगळीकडे फिरून आलेली ३०० कनेक्शन्स असली तर सुमारे २८ जीबी नुसत्या नोंदवह्या! ‘टॉप’मध्ये हे कुठेच दिसत नाही, प्रॉक-मेमइन्फोमधली ‘पेजटेबल्स’ ही ओळ बघा. ४ केबीऐवजी २ एमबीची मोठी पानं, म्हणजे ह्यूज पेजेस, दिली तर तेच ९६ एमबी १९२ केबीवर येतात. मात्र ह्यूज_पेजेसची मूळ सेटिंग ‘ट्राय’ असते, त्यामुळे कर्नलमध्ये ती आधी राखून ठेवली नसतील तर पोस्टग्रेस काही न बोलता साध्या पानांवर येतं. आणि १००० जणांना दाराशी घ्यायचंच असेल तर पुढे पीजीबाउन्सर (मोजकी कनेक्शन्स अनेकांना वाटून देणारा प्रोग्रॅम) बसवा, मागे मोजकीच कनेक्शन्स ठेवा.

‘किल -९’चा सल्ला वाचून मात्र कपाळाला हात लावला. एका बॅकएंडला (एका कनेक्शनच्या प्रोसेसला) सिग्नल ९ दिला की शेअर्ड मेमरी बिघडली असेल असं समजून पोस्टमास्टर, म्हणजे पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस, बाकीची सगळी कनेक्शन्स तोडतो आणि वॉलवरून (डब्ल्यूएएल, बदलांची नोंद ठेवणारा लॉग) रिकव्हरी सुरू करतो. लॉगमध्ये ‘वॉज टर्मिनेटेड बाय सिग्नल ९: किल्ड’ उमटतं, आणि नव्याने येणाऱ्याला ‘द डेटाबेस सिस्टिम इज इन रिकव्हरी मोड’ हे उत्तर मिळतं. मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा ओओएम किलर हेच करतो. म्हणजे ज्या अपघातातून वाचायचं, तोच स्वतःच्या हाताने घडवायचा. आधी पीजी_कॅन्सल_बॅकएंडने क्वेरी थांबवा, नाहीच ऐकलं तर पीजी_टर्मिनेट_बॅकएंडने कनेक्शन तोडा. तेही ‘टॉप’मधला ‘आरईएस’ (प्रोसेसने व्यापलेली रॅम) बघून नको. त्यात वापरलेली शेअर्ड मेमरी प्रत्येकाच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जाते. स्मॅप्स_रोलअपमधला ‘पीएसएस’ बघा, त्यात ती वाटून मोजलेली असते.

स्वॅपचं थोडक्यात. ओओएम किलर टाळायला कर्नलची ओव्हरकमिट_मेमरी २ (ठरल्या मर्यादेपलीकडे मेमरी द्यायचीच नाही) ठेवतात, तो सल्ला योग्यच आहे. पण तेव्हाची मर्यादा म्हणजे स्वॅप अधिक रॅमचा ओव्हरकमिट_रेशो, आणि तो मुळात ५० टक्के असतो. स्वॅप शून्य केलात तर ६४ जीबीच्या मशीनवर ३२ जीबीलाच ‘आउट ऑफ मेमरी’ येईल, अर्धी रॅम मोकळी असताना. थोडा स्वॅप ठेवा, रेशो वाढवा.

रात्रीच्या रीस्टार्टने सकाळी शेअर्ड_बफर्स रिकामी मिळतात आणि मेमरी कोण खातंय याचा पुरावाही जातो. एखादा बॅकएंड खरंच फुगत असेल तर १४व्या आवृत्तीपासून पीजी_लॉग_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्सला त्याचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) द्या, तपशील लॉगमध्ये येतो. हजारो टेबलं किंवा पार्टिशन्स असली की बहुधा टेबलांची माहिती साठवणारा ‘कॅशेमेमरीकॉन्टेक्स्ट’ वाढलेला दिसेल. अशा वेळी कनेक्शन्सना वय ठरवून द्यायचं. पीजीबाउन्सरमध्ये सर्व्हर_लाइफटाइम मुळातच ३६०० सेकंद असतं. ॲप्लिकेशनचा कनेक्शन्सचा स्वतःचा पूल असेल तर अशी वयोमर्यादा तिथे आहे का, हे एकदा उघडून बघा.