डोनाल्डची बाजू

परवा रात्री ‘अ‍ॅडॅप्टेशन’ तिसऱ्यांदा बघितला आणि पहिल्यांदाच डोनाल्डची माफी मागावीशी वाटली. (पुढे शेवट फोडलाय, आधीच सांगतो.)

२००२ चा सिनेमा, दिग्दर्शक स्पाइक जोन्झ. सुझन ऑर्लीनच्या ‘द ऑर्किड थीफ’ या पुस्तकावर पटकथा लिहायचं काम चार्ली कॉफमनला मिळतं. फ्लोरिडाच्या दलदलीतून दुर्मिळ ऑर्किडं पळवणाऱ्या एका अवलियाचं पुस्तक. सुंदर, पण गोष्ट अशी त्यात नाहीच. चार्ली अडकतो आणि शेवटी अडकलेल्या स्वतःलाच पटकथेत घुसवतो. खऱ्या कॉफमननेही हेच केलं होतं. ऑर्लीनबाई आधी बिचकल्या, मग परवानगी दिली. त्यांच्या पात्राकडून सिनेमात काय काय करून घेतलंय ते पाहता काळीज मोठंच म्हणायचं.

सुरुवातीलाच चार्ली टाइपरायटरसमोर बसलेला दिसतो. कागद कोरा. भूक लागलीय. कॉफी घेतली तर डोकं चालेल. नको, आधी थोडं लिहू, मग बक्षीस म्हणून कॉफी. कॉफी आणि मफिन. हां, तर आधी विषय नीट मांडायला हवा... मफिन केळं-अक्रोडाचा बरा. लिहिण्याचं इतकं खरं चित्रण मी दुसरीकडे बघितलेलं नाही. एवढा परिच्छेद लिहीपर्यंत मी स्वतः दोनदा फ्रीज उघडून आलोय.

आणि त्याच घरात राहतो डोनाल्ड, चार्लीचा जुळा भाऊ. दोघंही निकोलस केजच. तोच चेहरा, तेच विरळ कुरळे केस, तरी कोण कुठला ते नुसत्या खांद्यांवरून कळतं. डोनाल्डलाही पटकथा लिहायचीय. पटकथालेखन शिकवणाऱ्या रॉबर्ट मकीच्या शिबिराला जाऊन आलाय, नियम पाठ आहेत. त्याच्या थ्रिलरमध्ये खुनी, पोलीस आणि ओलीस धरलेली मुलगी हे तिघं एकच माणूस. चार्ली वैतागून विचारतो, अरे, एकच माणूस तळघरात कोंडलेला आणि त्याच वेळी पोलीस ठाण्यात, हे दाखवणार कसं? डोनाल्ड शांतपणे सांगतो, ट्रिक फोटोग्राफी. मी दोन्ही वेळा त्याला खदाखदा हसलो. परवा लक्षात आलं, समोरच्या चौकटीत दोन निकोलस केज गप्पा मारतायत ते कशाच्या जोरावर? ट्रिक फोटोग्राफी!

पुढे चार्लीचा एजंट डोनाल्डच्या पटकथेवर फिदा होतो आणि वर चार्लीलाच सुचवतो, भावाची मदत घे की.

चार्ली ती घेतो, आणि तिथून सिनेमाच बदलतो. सेक्स, बंदुका, गाड्यांचा पाठलाग, आयुष्याचे धडे यातलं काही येऊ देणार नाही, असं चार्लीने सुरुवातीला ठणकावलेलं असतं. ते सगळं रांगेने येतं. देवाला आभाळातून उतरवून गुंता सोडवू नकोस, असा दम मकीने दिलेला असतो, तर ऐन वेळी मगर येते. ‘शेवटचा अर्धा तास घाण केली’ ही तक्रार मी खूप जणांकडून ऐकलीय, आधी मीही करायचो. ती घाण मुद्दाम केलीय हे कळलं, तरी तो पाठलाग मला आजही कंटाळवाणाच वाटतो. विनोद समजला म्हणून कंटाळा माफ होत नाही.

पण याच भागात दोघं भाऊ रात्री दलदलीत एका ओंडक्याआड लपलेत. चार्ली शाळेतल्या एका मुलीची आठवण काढतो. डोनाल्ड तिच्याशी गोड बोलून गेला आणि पाठ वळताच ती त्याला हसली होती. डोनाल्ड म्हणतो, माहितीये, ऐकलं होतं मी. पण माझं तिच्यावर प्रेम होतं, ते माझं होतं. ते काढून घ्यायचा हक्क तिलाही नव्हता.

सिनेमातला सगळ्यात खरा क्षण हा, आणि तो आलाय डोनाल्डच्या स्वस्तातल्या थ्रिलरमध्ये. चार्लीच्या हुशार अर्ध्या भागात तो आलाच नसता. असलं काही कुणी बोलायला लागलं की चार्लीने आधी खोडलं असतं.

डोनाल्ड नावाचा भाऊ खऱ्या कॉफमनला नाही. तरी पटकथेच्या श्रेयात त्याचं नाव आहे, ऑस्करचं नामांकनही दोघांच्या नावे झालं. ते बक्षीस ‘द पियानिस्ट’ला गेलं. सिनेमा मात्र डोनाल्डच्याच स्मृतीला अर्पण केलाय.