मामा, तो सिलिंडर आधी स्वयंपाकघरात न्या

शनिवारी सकाळी मामांचा फोन. "अरे, गॅसच्या नळीला बसेल असं पितळी नोझल आहे का तुझ्याकडे? सिलिंडर काढून ठेवलाय." मला वाटलं मामीची शेगडी बिघडली. देवगडला पोचलो तर लाल सिलिंडर मांगरात गाडीच्या पुढ्यात उभा, बॉनेट वर, आणि रबरी नळीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर तार आवळलेली.

गाडी 1983 सालची, परदेशी, दोन दारांची, कापडी टपाची. मामांचा जीव आहे तिच्यावर. एसी दोन उन्हाळे नुसता वारा फेकतोय. आणि ठाण्याच्या मावसभावाने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलंय: 'जुन्या उघड्या गाड्यांचा एसी, मेकॅनिक लपवतात ती सहा गुपितं'. माझं फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणजे लपवणाऱ्यांत मीही आलो. तर आता काही लपवत नाही.

सुरुवात तिसऱ्या गुपितापासून, कारण सिलिंडर त्यानेच बाहेर काढला. 'एसीत स्वयंपाकाचा गॅस भरा, दुप्पट गार करतो. गाडी उघडी असल्याने गळला तरी उडून जातो, धोका शून्य.'

अहो, एसी लावायचा तर टप लावणार ना? टप उघडा टाकून एसी लावणारा असेल कुणी तर असो, मामा तसे नाहीत. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर टप उघडतो कोण? त्यात हा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, दोन्ही हवेपेक्षा जड, प्रोपेन दीडपट तर ब्युटेन दुप्पट. तो वर उडत नाही, खाली पायाशी साचतो. कुलिंग कॉइल असते डॅशबोर्डच्या पोटात, म्हणजे गळती झाली तर थेट माणसं बसतात तिथेच.

हिशेबच करू. या गाडीत किलोभर आर-12, म्हणजे एसीचा जुना गॅस, बसायचा. एलपीजी आर-12पेक्षा हलका, वजनाने कमी लागेल, 300 ग्रॅम धरा. त्याची वाफ होते साधारण 150 लिटर. दोन माणसांच्या या केबिनमध्ये हवा असेल 2000 लिटर. म्हणजे सात टक्के. एलपीजी पेट घेतो तो हवेत दोन ते साडेनऊ टक्क्यांच्या दरम्यान. भडका उडवायला याहून नेमकं माप घेऊनही जमणार नाही. ठिणगीचं विचाराल तर चाळीस वर्षांच्या वायरिंगचं वेष्टन हातात घेतलं की बिस्किटासारखं तुटतं. शिवाय मामा रोज सकाळी डॅशबोर्डवरच्या गणपतीला उदबत्ती लावतात. काडेपेटी ॲशट्रेमध्येच असते. मी ती उचलून मामांच्या हातात दिली आणि गप्प उभा राहिलो.

मामा सहज ऐकणारे नव्हेत. "पण तुझ्या नव्या फ्रीजमध्ये तोच गॅस असतो ना रे?" असतो. हे मला कबूल करावं लागतं. फ्रीजवर आर-600ए लिहिलेलं असतं, ते आयसोब्युटेन. काही स्प्लिट एसीत आर-290 येतो, तो प्रोपेन. गार करायला ही मंडळी उत्तम आहेत, तेवढं गुपित खरं. पण घरगुती फ्रीजच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी 60335-2-24 मध्ये, अशा गॅसला 150 ग्रॅमची मर्यादा आहे, आणि आपल्या घरातल्या फ्रीजमध्ये बहुधा त्याच्या निम्माही नसतो. तोही शुद्ध, कोरडा, तांब्याच्या झाळलेल्या नळ्यांत कायमचा बंद. गाडीत रबरी पाइप, पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर, त्याच्या फिरत्या दांड्याभोवती गॅस अडवणारं शाफ्ट सील, आणि वर आपले रस्ते. तुमच्या सिलिंडरात प्रोपेन किती, ब्युटेन किती, हे प्रत्येक खेपेला सारखं नसतं, कारण तो जाळायला दिलेला आहे. आणि घरगुती सिलिंडर दुसऱ्या कामाला वापरायला 2000 सालच्या एलपीजी पुरवठा आदेशानेच मनाई आहे. हे ऐकल्यावर मामा जरा वरमले. मंडळी स्फोटापेक्षा दंडाला जास्त घाबरतात.

पहिलं गुपित म्हणे आर-12 बंद केला तो नव्या गाड्या खपवायला. 1987चा माँट्रियल करार ओझोनसाठी झाला, भारत 1992 साली त्यात गेला, 2010 पासून तो गॅस आपल्याकडे बंद. पुढे चला.

दुसरं, 'कोकणच्या दमट हवेने गॅस पातळ होतो, दरवर्षी बदला'. गॅस बंद नळ्यांत फिरतो, बाहेरच्या हवेशी त्याची गाठच पडत नाही. कमी झाला म्हणजे गळला, एवढंच. पण दरवर्षी भरावा लागतो हा अनुभव मात्र खोटा नाही. पावसाळ्याचे चार महिने गाडी ताडपत्रीखाली, एसी एकदाही चालू नाही. कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत नाही, ते सुकतं आणि तिथून गॅस निसटतो. पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं इंजिन आणि एसी चालवा, मांगराचं दार सताड उघडं ठेवून.

'थर्मोस्टॅट काढून टाका, कोकणात थंडी कुठाय' हे चौथं. हा एसीचा नव्हे, इंजिनाच्या पाण्याचा थर्मोस्टॅट. बऱ्याच जुन्या युरोपियन इंजिनांत तो एकाच वेळी दोन कामं करतो: रेडिएटरची वाट उघडतो आणि बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळणारी, वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा, गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात. म्हणजे गाडी हीट होऊ नये म्हणून जे केलं त्यानेच ती हीट होणार.

पाचवं, कूलंटऐवजी विहिरीचं पाणी. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये घालायचं असेल तर हेड गॅसकिटचे पैसे वेगळे काढून ठेवा. त्यातच 'तापलं की झाकण उघडून गार पाणी ओता' असंही लिहिलंय. कुकर शिट्टीवर असताना मामी झाकण उघडतात का?

सहावं निम्मं बरोबर आहे. 'चढाला एसी बंद करा.' कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यात बसतो, त्याची उष्णता मागे रेडिएटरवर जाते. मे महिन्यात आंबा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद करण्यात कमीपणा नाही. पण त्यांनी कारण दिलंय 'इंजिनाचा ऑक्सिजन वाचतो'. जाऊ दे.

मग काम केलं. कॉम्प्रेसरच्या पुलीच्या मागे तेलकट काळी धूळ धरलेली, म्हणजे चोर सापडल्यातच जमा. नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावला तर सीलपाशी बारीक बुडबुड्यांची माळ. कंडेन्सरच्या जाळीला बोट लावलं की खाऱ्या वाऱ्याने झालेली पांढरी पूड हाताला येत होती. सील नवं, कंडेन्सर नवा आणि आधीपेक्षा मोठा, ओलावा शोषणारी ड्रायर बॉटल नवी. कॉम्प्रेसरचं जुनं मिनरल तेल फ्लश करून काढलं, कारण ते आर-12च्या जागी आलेल्या आर-134ए गॅसमध्ये मिसळत नाही. एस्टर तेल घातलं, तासभर व्हॅक्यूम मारला आणि जुन्या मापाच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के 134ए भरला.

134ए त्या जुन्या सिस्टीममध्ये आर-12 इतका गार करत नाही, हे मामांना आधीच सांगितलं होतं. तरी पहिल्या फेरीला तारामुंबरीच्या वळणावर म्हणाले, "पूर्वीसारखा नाही रे." मागच्या अंगणात मामी सिलिंडर शोधत होती. दुपारचा भात अर्धा कच्चा राहिला होता.