टचपॅड वर आलाय? आधी चार्जर काढा

लॅपटॉपच्या बॅटरीवर एक लेख वाचला. बॅकअप कमी झाला की बॅटरी बदला, एवढंच त्यात आहे. पण बॅकअप कमी होणं वेगळं आणि बॅटरी फुगणं वेगळं. फुगली तर उद्यावर ढकलायचं नाही.

आमच्या खानापूर भागात पावसाळ्यात करंट कधी जाईल नेम नसतो. म्हणून पोरं लॅपटॉप रात्रभर चार्जिंगला ठेवतात, तेही गादीवर. सतत 100 टक्के चार्ज आणि वर उष्णता, याने बॅटरीतले लिथियम-आयन सेल लवकर खराब होतात आणि आत वायू साठून बॅटरी फुगते. शेजारच्या कॉलेजच्या मुलीचा लॅपटॉप बघितला. टचपॅडची कड वर आलेली, क्लिक होत नव्हतं, टेबलावर ठेवला की डुगडुगायचा. तिला वाटत होतं टचपॅडच बिघडलाय, पण खालची बॅटरी फुगून त्याला वर ढकलत होती.

असं दिसलं की चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. टाचणीने टोचून हवा काढायचा सल्ला देणारे भेटतात, त्यांचं अजिबात ऐकू नका! आतले पातळ थर एकमेकांना टेकले की शॉर्ट होऊन पेट घेते. बेळगावला दुरुस्तीला न्यायचा तर गर्दीच्या बसमध्ये दप्तरात कोंबून नेऊ नका, आधी दुकानदाराला फोन करून विचारा. धूर यायला लागला तर हात न लावता सगळ्यांना बाहेर काढा, 112 ला फोन करा.

काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा नवीन घेतानाच जुनी परत घ्यायला सांगा.