ऐंशी ओलांडल्यावर

पाडव्याला गाडी घेतली. शोरूमवाल्यांनी गाडीला हार घातला, पुठ्ठ्याची हातभर किल्ली आमच्या हातात देऊन फोटो काढला आणि केक कापायला लावला. गाडी घेतल्यावर केक का कापतात हे मला अजून कळलेलं नाही. वाढदिवस कुणाचा, हप्त्याचा? मग बायकोने चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि मी गाडी पुढे घेतली. तीन फुटली. पुढच्या डाव्या चाकाखालचं सटकलं आणि घरंगळत शोरूमच्या पायरीशी जाऊन थांबलं. "अहो, एक राहिलं," ती म्हणाली. मागे दुसऱ्या गिऱ्हाइकाची गाडी हार घालून खोळंबली होती. "राहू दे," मी म्हणालो.

हे "राहू दे" पुढे सहा महिने मला ऐकवलं गेलं.

पहिला आठवडा गाडी कोथरूड ते डेक्कन एवढीच धावली, म्हणजे धावली नाहीच. रविवारी बाबांना मागे बसवून लोणावळ्याला निघालो. एक्स्प्रेस-वेवर उर्सेचा टोल भरला, रस्ता मोकळा मिळाला, काटा ऐंशीवर गेला. २०१९ मध्ये नव्या गाड्यांना ऐंशीला सूचना वाजवायचं कायद्यानेच बंधन आलं, म्हणून गाडी टिंग म्हणाली. आणि त्याच क्षणी स्टेअरिंगला कापरं भरलं. घरघंटी चालू असताना तिच्या अंगावर हात ठेवला तर जसं वाटतं, अगदी तसं. नव्वदला ते ऐन रंगात आलं, शंभरला जरा ओसरलं. त्यापुढे काय होतं ते सांगता येणार नाही. तिथली मर्यादा शंभरच आहे आणि मी बँकेत नोकरी केलेला माणूस आहे.

"तुला जाणवतंय?" मी बायकोला विचारलं.

"काय?"

"थरथर."

तिच्या हातात थर्मासच्या झाकणात ओतलेला चहा होता. त्यावर तरंगसुद्धा नव्हता. "छे! काहीच नाही."

मागून बाबा म्हणाले, "अरे, ऐंशी ओलांडल्यावर कंप यायचाच. मला दोन वर्षं येतोय." बाबा ८२ वर्षांचे आहेत. "आणि आमची फियाट उभी असतानाही थरथरायची. थरथर थांबली की आम्ही घाबरायचो, कारण म्हणजे ती बंद पडलेली असायची."

इथून माझ्या हालांना सुरुवात झाली. दुखणं फक्त स्टेअरिंगला, आणि स्टेअरिंग फक्त माझ्या हातात. त्यामुळे गाडीत चार माणसं असली तरी साक्षीदार मी एकटाच. दोन दिवसांनी बायको सहज म्हणावं तसं म्हणाली, "एकदा डॉक्टरांना हात दाखवून या ना." मी गेलोसुद्धा! डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे करायला लावले, बोटांवर कागद ठेवला आणि कागदाकडे बघत बसले. कागद हलला नाही. "हात ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "गाडी कुठली घेतलीत? ॲव्हरेज काय देते?"

मग सर्व्हिस सेंटर. तिथल्या तरुणाने जॉब कार्डावर लिहिलं, "ग्राहकाच्या म्हणण्यानुसार स्टेअरिंग थरथरते." पंचनाम्यात 'कथित चोरी' लिहितात तसं. आम्ही दोघं चाचणीला निघालो. फाटकातून बाहेर, सिग्नलपर्यंत, तिथून वळून परत. काटा जास्तीत जास्त ३४ वर गेला.

"सर, काहीच नाहीये."

"अहो, ऐंशीला होतं."

"सर, या रस्त्यावर ऐंशी कुठून आणू?"

मुलाचं चुकलं नव्हतं. पुण्यात ऐंशीचा वेग हवा असेल तर आधी गाव सोडावं लागतं.

त्याने मला पहिलं निदान दिलं. गाडी महिना-दीड महिना यार्डात एका जागी उभी असते, वजनाने टायर खालून चपटा होतो, चालवून गरम झाला की पुन्हा गोल होतो. ऐकायला पटलं, आणि असा चपटेपणा टायरला खरंच येतो. म्हणून साताऱ्याला गेलो, कंदी पेढे घेतले, परत आलो. दोनशेच्या वर किलोमीटर झाले. थरथर होती तिथेच होती, माझी साखर तेवढी वाढली.

दुसऱ्या खेपेला दोष हवेचा निघाला. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं, टायरात ४२. यार्डात टायर चपटे पडू नयेत म्हणून हवा जास्त भरून ठेवतात आणि गाडी गिऱ्हाइकाला देताना ती कमी करायची असते. आमच्या वेळी बहुतेक केक कापण्याची घाई झाली असावी. हवा उतरवल्यावर गाडी खड्ड्यांतून जरा माणसात आल्यासारखी चालू लागली. ऐंशीला टिंग, टिंगला थरथर, हे मात्र चालूच.

तिसऱ्या खेपेला व्हील बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं. त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला, कारण आकडे जुळल्याशिवाय मला झोप येत नाही. चाकाच्या रिमच्या कडेला वीस ग्रॅमचा फरक पडला, म्हणजे बाबा चहात चोरून घालतात ती चार चमचे साखर, तर नव्वदच्या वेगाला काय होतं? चाक सेकंदाला तेरा गिरक्या घेतं आणि ते वीस ग्रॅम साधारण अडीच किलोच्या जोराने बाहेर ओढतात. एकदा वर, एकदा खाली, सेकंदाला तेरा वेळा. सकाळी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "लिंबू."

सर्व्हिस सेंटरच्या मशीनवर चारही चाकं चढली. पाच-पाच, दहा-दहा ग्रॅमची वजनं रिमला ठोकली गेली, पडद्यावर शून्य-शून्य आलं. जोडीला अलाइनमेंटही केली. अलाइनमेंट म्हणजे वर्कशॉपची क्रोसिन. गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एका कडेने झिजत असेल, तर तिचा उपयोग. थरथरीवर तिचा काही इलाज नाही, पण बिलात ती शोभून दिसते. परत एक्स्प्रेस-वे, परत टोल, परत टिंग.

चौथ्या खेपेला तो तरुण शांतपणे म्हणाला, "सर, हे या मॉडेलचं कॅरॅक्टरिस्टिक आहे." पहिल्या खेपेला 'काहीच नाहीये' होतं, मध्ये 'नॉर्मल आहे' झालं, आता थरथरीला थेट स्वभावाचा दर्जा मिळाला. स्वभावाला औषध नाही, हे आपल्याकडे सगळ्यांनाच मान्य.

शेवटी कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीतल्या एका टायरवाल्याकडे गेलो. साठीचा माणूस, बनियनवर, हातभर काळं. त्याने गाडीकडे बघितलंही नाही. एवढंच विचारलं, "साहेब, हात हलतात का बूड?"

चार खेपांत, आठ सह्यांत, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"हात."

"म्हणजे पुढचं चाक. बूड हललं असतं तर मागचं." त्याने जॅक लावला, पुढची चाकं मागे टाकली, मागची पुढे घेतली. "आता जाऊन या."

गेलो. टिंग वाजलं. स्टेअरिंग लोण्यासारखं मऊ. मी श्वास रोखून धरला. आणि शेजारून आवाज आला, "अहो! अहो, ही सीट का थरथरतेय?"

लग्नाला २७ वर्षं झाली, पण तिच्या कुठल्या तक्रारीने मला इतका आनंद झाला नव्हता. "परत म्हण," मी म्हणालो. मागून बाबा म्हणाले, "थांबव रे. कवळी वाजतेय."

टायरवाल्याने मागची दोन्ही चाकं काढून एकेक मशीनवर चढवलं. पहिलं सरळ फिरलं. दुसऱ्याला त्याने हळू फिरवलं आणि टायरच्या अगदी जवळ खडू धरला. खडू आणि रबर यांच्यात एकदा जराशी फट दिसायची, एकदा खडू घासला जायचा. फट, घास. फट, घास. टायर गोल नव्हताच. वजनं लावून मशीनवर शून्य आणता येतं, पण अंड्याचा तोल साधला म्हणून त्याचा चेंडू होत नाही.

टायरच्या अंगावर दोन पुसट ठिपके होते, एक पिवळा, एक लाल. टायर जिथे सगळ्यात हलका असतो तिथे पिवळा, तो हवेच्या वॉल्व्हपाशी यावा असा बसवतात. लाल ठिपका टायर जिथे जास्त जोर मारतो तिथे. "कंपनीतूनच हळदीकुंकू करून येतं," टायरवाला म्हणाला. त्याने टायर रिमवर अर्धा फिरवून बसवून पाहिला. थरथर कमी झाली, गेली नाही.

"हे आधी कुठल्या बाजूला होतं?" बायकोने विचारलं.

"पुढचं डावं, ताई."

ती काही बोलली नाही. माझ्याकडे फक्त बघितलं. मी खडूकडे बघत राहिलो.

पुढची कागदपत्रं थोडक्यात सांगतो. गाडीवाले म्हणाले, टायर आमच्या वॉरंटीत येत नाही, टायरवाल्या कंपनीकडे जा. कंपनीने फॉर्म घेतला, फोटो घेतले, तपासायला माणूस पाठवला. दोन महिन्यांनी उत्तर आलं की टायर मर्यादेत आहे. म्हणजे किती अंडाकृती चालतो याचीही मर्यादा असते, आणि आमचं अंडं कायद्यात बसणारं निघालं.

वाचवलं ते कंजूषपणाने. पैसे कमी पडले म्हणून मी मधलं व्हेरियंट घेतलं होतं. वरच्याला अलॉयची मोठी चाकं आणि डिकीत लहान स्टेपनी. आमची पाचही लोखंडी, एका मापाची. अंडं डिकीत गेलं, स्टेपनी रस्त्यावर आली. वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेप्नी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. १९०४ मध्ये तिथे जादा चाकाची युक्ती निघाली, म्हणून आपण त्याला स्टेपनी म्हणतो. इतक्या लांबून नाव घेऊन आलेलं चाक घरात असताना मी सहा महिने उगाच डोकं फोडत होतो. आता ऐंशीला टिंग वाजतं, बाकी काही नाही.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. बायकोने चारही चाकांना हळदकुंकू लावलं आणि डिकी उघडून गालिचा उचलला.

"त्याला कशाला?" बाबा म्हणाले. "तो कामचुकार."

"पंक्चर झालं तर घरी त्याच्यावरच यायचंय, बाबा." तिने पिवळ्या ठिपक्याशेजारी बोट टेकवलं. मग पिशवीतून एक लिंबू काढलं, पुढच्या डाव्या चाकाखाली ठेवलं आणि पायाने सरकवून नीट मध्यावर आणलं.

"आता हळू घ्या," ती म्हणाली. "मी बघतेय."