अँटीस्केलंट म्हणजे ॲसिड नव्हे

'आरओ प्लांटमध्ये घालतात ते अँटीस्केलंट म्हणजे क्षार विरघळवणारं ॲसिडच. ते तुमच्या पिण्याच्या पाण्यात उतरतं. त्यापेक्षा साधं ॲसिड घाला. आणि अँटीस्केलंटच वापरायचं असेल तर भरपूर घाला, मेंब्रेन जास्त टिकेल.' हा संदेश सध्या खूप फिरतो आहे. अँटीस्केलंट म्हणजे आरओच्या मेंब्रेनवर, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्यावर, क्षारांचा थर बसू नये म्हणून पाण्यात घालायचं रसायन. त्यावर विसंबून कुणी हे रसायन सोडणाऱ्या डोसिंग पंपाला हात लावला, तर काही आठवड्यांत मेंब्रेन बाद होऊ शकते. म्हणून हे लिहितो आहे.

ॲसिड असतं तर हिशेब जुळला असता का, ते पाहा. अँटीस्केलंटचा नेहमीचा डोस लिटरमागे 2 ते 5 मिलिग्रॅम. जड पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट होऊ शकणारे क्षार लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम असतात. एवढ्याशा ॲसिडने त्यांचं काय होणार? अँटीस्केलंटमधल्या फॉस्फोनेट किंवा पॉलिॲक्रिलेट या रसायनांचे रेणू नुकत्याच धरू लागलेल्या स्फटिकाला चिकटतात आणि त्याची वाढ अडवतात, म्हणून इतकं थोडं पुरतं. याची गरज का पडते? 100 लिटरमधून 75 लिटर शुद्ध पाणी काढलं की जवळपास सगळे क्षार उरलेल्या 25 लिटरमध्ये, म्हणजे चौपट दाट होतात. 90 टक्के काढलं तर दहापट. एकदा बसलेला थर मात्र अँटीस्केलंटने निघत नाही. त्यासाठी प्लांट थांबवून मेंब्रेन ॲसिडने धुवावी लागते. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा या दोन गोष्टींची गल्लत केली आहे.

पिण्याच्या पाण्यात उतरण्याबद्दल: हे रेणू सोडियमपेक्षा कितीतरी मोठे आणि ऋणभारित असतात. सोडियम अडवणारी मेंब्रेन त्यांनाही अडवते आणि ते रिजेक्टबरोबर, म्हणजे उरलेल्या दाट पाण्याबरोबर, बाहेर जातात. ओ-रिंग (जोडावरची रबरी कडी) फाटली तर गळती होईल, पण तेव्हा टीडीएसही (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) वाढलेला दिसेल. पिण्याच्या पाण्यासाठी एनएसएफ/एएनएसआय 60 (पिण्याच्या पाण्यात घालायच्या रसायनांचं मानक) प्रमाणित रसायनच घ्यावं आणि प्रमाणपत्रातली कमाल मात्रा ओलांडू नये, हे मात्र खरं.

नुसतं ॲसिड कार्बोनेटपुरतं चालतं. सल्फेट आणि सिलिकाचे थर त्याने थांबत नाहीत. सल्फ्युरिक ॲसिड घातलं तर सल्फेट वाढून जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटच्या थराचा, धोका उलट वाढतो. बायकार्बोनेटचा झालेला कार्बन डायऑक्साइड मेंब्रेनमधून आरपार जातो आणि शुद्ध पाण्याचा पीएच उतरतो. काही पाण्यांना ॲसिड आणि अँटीस्केलंट दोन्ही लागतात, हे मान्य.

'भरपूर घाला' हा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो. मात्रा फार वाढली की फॉस्फोनेट कॅल्शियमबरोबर स्वतःच साका धरतं. पाण्यात लोह किंवा तुरटीचं ॲल्युमिनियम उरलं असेल तर पॉलिॲक्रिलेटचा चिकट थर बसतो. जादा फॉस्फरस रिजेक्टमधून तळ्यात गेला तर शेवाळ माजतं. मात्रा फीड (प्लांटमध्ये येणाऱ्या) पाण्याच्या तपासणीवरून आणि रिकव्हरीवरून (त्यातलं किती टक्के शुद्ध पाणी काढतो त्यावरून) ठरवायची. अँटीस्केलंट स्फटिक धरणं फक्त लांबवतं, त्यामुळे प्लांट बंद करताना आतलं दाट पाणी शुद्ध पाण्याने फ्लश करावंच लागतं.