सांबऱ्याचं विमान दोन तास लेट? दहा हजार विसरा

बेळगावच्या सांबरा विमानतळाबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर परत एक मेसेज फिरतोय: ‘सांबऱ्याचं विमान दोन तास लेट झालं तर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर दहा हजार मिळतात. हवामानाचं कारण मानू नका. उडानच्या (सरकारच्या स्वस्त विमानसेवा योजनेच्या) तिकिटाला मात्र काही नाही. तक्रार कर्नाटकातच करावी लागते.’ चार वाक्यांत एकही धड नाही.

दोन तासांचा आकडा डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, नियमात आहे, पण तो खाण्यापिण्यासाठी. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला एवढा उशीर होणार असेल आणि तुम्ही वेळेत चेक-इन केलं असेल, तर चहा-नाश्ता किंवा जेवण कंपनीने द्यायचं. मुंबई, बेंगळुरू दोन्ही त्यातच आली. उशीर सहा तासांपुढे जाणार असेल तरच पूर्ण परतावा किंवा सहा तासांच्या आतलं दुसरं विमान. नुसत्या उशिराची रोख भरपाई युरोपात मिळते, बहुधा तिथूनच हे उचललंय.

मग दहा हजार कुठले? ते रद्द झालेल्या विमानाचे, वेळेत कळवलं नसेल तर, आणि तेही दोन तासांहून लांब उड्डाणाला. एका तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000, दोन तासांपर्यंतच्या 7,500. शिवाय ही फक्त कमाल मर्यादा. मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून 2,800 होत असतील, तर परताव्याखेरीज हातात 2,800च. आणखी एक मेख आहे: प्रवाशाने संपर्क क्रमांकच दिला नसेल तर भरपाई नाही. गल्लीतला एजंट तिकिटावर सर्रास स्वतःचा मोबाईल टाकतो, विमान रद्द झाल्याचा मेसेज त्यालाच जातो, आणि आपण बॅगा घेऊन सांबऱ्याला. बुकिंग करताना आपला नंबर टाकायला लावा.

हवामानाचं कारण मानावंच लागतं. जुलैत ढग खाली आले, एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) थांबवलं, संप झाला, तर भरपाई नाही, नाश्त्याचं बंधनही सैल होतं. ‘तांत्रिक बिघाड’ मात्र नियमातल्या अशा सुटीच्या कारणांच्या यादीत नावाने नाही. ‘मागचं विमानच उशिरा आलं’ हेही नाही. छोट्या मार्गांवर तेच विमान दिवसभर फेऱ्या मारतं, सकाळी दुसऱ्या गावी खोळंबलं की संध्याकाळी आपण बसून. ते सकाळी का खोळंबलं, हा खरा प्रश्न. काउंटरवर आवाज चढवण्यापेक्षा कारण लेखी मागा, बोर्डाचा फोटो काढा, आलेले एसएमएस पुसू नका.

उडानचं म्हणाल तर सरकारी मदत कंपनीला मिळते, त्याने प्रवाशाचा हक्क कमी होत नाही. आणि तक्रार? 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. चंदगडचा माणूस सांबऱ्याहून उडाला तरी कोल्हापुरात दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही.

ज्यात माणसं खरी बुडतात ते या मेसेजात नाहीच. मुंबईहून पुढे दुबई गाठायची असते, चार पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढलेली असतात. सांबऱ्याचं रद्द होऊन पुढचं चुकलं, तर नियम एकाच तिकिटावरची जोडणी धरतो. तिकिटं वेगळी असतील तर दुबईचे पैसे आपल्याच खिशातून गेले.